निळीच्या हौदाचं बक्षीस

मांडवपूरच्या बंदरात कापडाने भरलेली जहाजं तशीच उभी होती. समुद्रापलीकडच्या राणीचा दूत माल उचलायलाच तयार नव्हता. राणीच्या कानावर गेलं होतं, की हे कापड विणणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसांचे फार हाल होतात. खरं काय ते कळल्याशिवाय एक तागाही घ्यायचा नाही, अशी तिची ताकीद होती. आणि वारा फिरला, की दूत रिकाम्या हाताने परत जाणार होता.

राजा जैत्रदेव भलताच हट्टी. त्याने तपासायला अधिकारी पाठवले. सगळे एकच सांगत आले, की कामकरी पोटभर जेवतात, हसतखेळत राबतात, निळीच्या हौदात उभं राहून तर त्यांची सांधेदुखीसुद्धा पळते. दूत म्हणाला, अधिकारी निघायच्या आधीच त्यांची वर्दी पोचते. मग त्यांना दाखवलेलंच दिसतं. मालकांना विचारावं, तर ते सोयीचंच बोलणार.

राजा चिडला. त्याने भर दरबारात जाहीर केलं, "कुणी कारखान्यात जायचं नाही, कुणी मालकांना प्रश्न विचारायचा नाही. तरीही इथे बसून खरं काय ते शोधून काढेल असा कुणी आहे का? जमलं तर मागेल ते देईन. नाही जमलं, तर त्याने माझं राज्य सोडायचं."

सगळे माना खाली घालून बसले. तेवढ्यात बैठकीच्या धुतलेल्या चादरी घेऊन आलेली भिवरा परटीण पुढे झाली. तिची धाकटी बहीण सावित्रा निळीच्या हौदावर कामाला गेली होती. तेव्हापासून ती भिवराच्या दृष्टीस पडली नव्हती. भेटायला गेलं की दारावरचा पहारेकरी हाकलून द्यायचा.

"महाराज, मी शोधते," भिवरा म्हणाली. "विचारायचं कशाला? तुम्ही मालकांना बक्षीस द्या." कसलं बक्षीस, ते तिने राजाजवळ जाऊन हळूच सांगितलं. राजाने मिशीवरून हात फिरवला आणि मालकांना बोलावणं धाडलं.

बक्षीस मिळणार म्हटल्यावर मालक जरीचे फेटे बांधून हजर झाले. राजाने आधी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाला, "तुमच्या कारखान्यांत एवढं सुख आहे, तर ते तुम्हालाच का मिळू नये? आजपासून जहाजं माल पोचवून परत येईपर्यंत तुम्ही बायकामुलांसह आपापल्या कारखान्यात राहायचं. कामकऱ्यांचंच काम, त्यांचंच जेवण, त्यांचंच अंथरूण. या सुखात कुणी बाधा आणू नये, म्हणून दारावर माझे शिपाई असतील."

मालक एकमेकांची तोंडं बघू लागले. मागावर कापड विणून घेणारी बायजाबाई तेवढी शांत होती. ती म्हणाली, की आम्ही जेवतो तिथेच, कामकऱ्यांच्या पंगतीला. फक्त सासूबाईंना दात नाहीत, त्यांना भाकरी कुस्करून मिळाली म्हणजे झालं.

निळीच्या हौदांचा मालक दुर्गोजी मात्र घामाने भिजला. बायकोचे सांधे दुखतात, असं तो पुटपुटला.

"मग तर फारच छान," भिवरा म्हणाली. "हौदात उभं राहिलं की सांधेदुखी पळते, असं तुम्हीच अधिकाऱ्यांना सांगितलंत ना?"

मुलाचं नुकतंच लग्न झालंय, सून नाजूक आहे, असं काहीबाही तो सांगू लागला. तेवढ्यात शिपाई त्याच्या घराकडे निघालेले दिसले, आणि त्याने राजाचे पायच धरले. हौदावर माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पाण्यात उभी असतात, पाय सडतात, रात्री बाहेरून कुलूप लागतं, घरी कुणाला सोडत नाही, सगळं त्याने कबूल केलं. ते ऐकताना भिवराने हातातली चादर घट्ट आवळून धरली होती.

राजा संतापून उठला. दुर्गोजी हात जोडून म्हणाला, "महाराज, मी तरी काय करू? तुमचे कारभारी दरवर्षी भाव पाडतात आणि माल दुप्पट मागतात."

कारभारी नागोपंत गडबडीने म्हणाले, की महालाला सोन्याचा कळस हवा म्हणून महाराजांनीच खर्च कमी करायला सांगितलं होतं. आता राजाचाच चेहरा उतरला. दूत गालात हसला. ते पाहून राजा उसळला, "हसता काय? गेल्या वर्षीपेक्षा स्वस्त द्या, असं तुमच्या राणीसाहेबच दर खेपेला कळवतात!" दूताचं हसू मावळलं.

राजा भिवराकडे वळला. "हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो माझ्याकडे, मी राणीकडे. मग तुझं हे बक्षीस द्यायचं तरी कुणाला?"

भिवरा म्हणाली, "सगळ्यांना द्या, महाराज. हौद मोठा आहे. राणीसाहेबसुद्धा मावतील."

सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. मग राजाला हसू फुटलं. तो इतका हसला, की मुकुट सावरायला दोन्ही हात लागले. दूतही हसायचा थांबेना. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, की बायजाबाईंचं कापड आज जहाजातून जाईल; निळं कापड हौदावरची माणसं नीट झाल्यावर नेऊ, आणि त्यासाठी भाव वाढवून द्यावा लागेल, ते राणीसाहेबांना मी समजावतो.

राजाने कळसाचं काम थांबवलं. हौदांच्या कारखान्याची कुलपं त्याच दिवशी निघाली. सावित्रा बाहेर आली, तिला चालवत नव्हतं. भिवराने तिला पाठीवर घेऊन घर गाठलं. वैद्य राजानेच पाठवला. दुर्गोजीने आपलं बक्षीस पुरेपूर भोगलं, नागोपंतही त्याच्या शेजारी उभे राहिले. राजानेही एक अख्खा दिवस हौदात काढला आणि पुढे कितीतरी दिवस निळे पाय घेऊन दरबारात बसला.

काय हवं ते माग, असं त्याने भिवराला सांगितलं, तेव्हा तिने दागिने मागितले नाहीत की जमीन मागितली नाही. राज्यातल्या कोणत्याही कारखान्याच्या मालकाला असलंच बक्षीस द्यायचा अधिकार तेवढा तिने मागितला. राजाने तो हसत हसत दिला.