साहेबांचे तळपाय

तानुबाईला पानमळा लावायचा होता, पण जमीन योग्य असल्याच्या दाखल्याशिवाय वेली मिळणार नव्हत्या. तपासणीचे साहेब आले ते बुटाला माती लागेल म्हणून बांधावरच थांबले. तिथूनच म्हणाले, "इथं पाणी साचतं. मुळं कुजतील. नापास!"

"आत येऊन बघा की! पण बूट काढा. पानमळ्यात पायताण चालत नाही."

"अहो बाई, मळा आहे कुठं?"

"मी धरलाय म्हणजे आहेच. काढा!"

कुरकुरत साहेब अनवाणी रान फिरून आले. "साचतंच पाणी!"

"काल सकाळीच घोट्याएवढं पाणी पाजलंय रानाला. आता तळपाय दाखवा. चिखल कुठाय?"

तळपायांना मातीचे चार कण होते. साहेब पाय झटकून बूट शोधू लागले.

बूट तानुबाईच्या हातात होते. म्हणाली, "आधी सही."