एक डबके आणि एक कलाभवन

एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर एक जुना उंबर उभा होता आणि त्या उंबराच्या ढोलीत एक म्हातारा दयाळ राहत असे. दयाळ तुम्ही पाहिला असेल, मुलांनो. काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा, चिमणीहून थोडासाच मोठा पक्षी. या दयाळाला पहाटेचे एक लांबलचक गाणे येत होते. त्याला ते त्याच्या बापाने शिकवले होते आणि बापाला आजोबाने. ते कुठे लिहिलेले नव्हते. म्हाताऱ्याने गायचे आणि उंबराच्या फांद्यांवर बसून दयाळांच्या पिलांनी ऐकायचे, हीच त्यांची शाळा. सारे गाणे गळ्यात उतरायला पिलांना अख्खे वर्ष लागे. पुरे गाणे येणारा आता तो म्हातारा एकटाच उरला होता. सगळी पाखरे म्हाताऱ्याला बुवा म्हणत.

त्या वर्षी ओढा लवकर आटला. उंबर पोटभर खायला देत होता, पण पाणी कुठून देणार? पाणी होते लांब नदीवर, आणि ऊन चढायच्या आत, शिकरा शिकारीला निघायच्या आत तिथे जाऊन येणे भाग होते. म्हणजे नेमकी गाण्याची वेळ. पाण्याला गेले की शिकवणी बुडे आणि शिकवणीला थांबले की दिवसभर घसा कोरडा. गाणे सुरुवातीच्या दोन ओळींपर्यंत आले होते, ते तिथेच अडले.

अशातच सिंहाने दवंडी पिटवली की जंगलातल्या कलांना दरबारातून अनुदान मिळेल. पाखरांच्या मंडळाचा अध्यक्ष होता बुलबुल. तो लगेच तुरा सावरून बुवांना दरबारात घेऊन गेला. बुवा म्हणाले, "महाराज, उंबराखाली एक डबकं खणून द्या. ओढ्यात खाली ओल आहे, थोडं खणलं की पाणी लागेल. हत्तीदादांचं एका दुपारचं काम. आम्हाला दुसरं काही नको."

"एवढंच? मंजूर!" सिंह म्हणाला आणि जांभई देऊन गुहेत झोपायला गेला. पुढचे सगळे कोल्ह्याकडे होते. दरबारात पुढचे सगळे नेहमी कोल्ह्याकडेच असते.

कोल्ह्याने बुवांना सावलीत बसवले, खुशाली विचारली आणि म्हणाला, "बुवा, तुमचं गाणं म्हणजे आपल्या जंगलाची शान आहे. पण डबकं देता येणार नाही. माझ्याकडे कलेचं खातं आहे. डबकं पाण्याच्या खात्यात येतं."

"मग आम्ही पाण्याच्या खात्यात जातो."

"जा की खुशाल. ते मगरीकडे आहे."

बुवांनी पंख आवरून घेतले. कोल्हा गोड हसला. "कलेच्या खात्यात भवन बसतं. दगडी, छप्पर असलेलं, दारावर कमान. कलाभवन बांधून देतो तुम्हाला."

"आम्ही छपराखाली गात नाही," बुवा म्हणाले. "पहाट दिसल्याशिवाय आमचा गळा उघडत नाही. आणि भवनात प्यायचं काय?"

"नको म्हणू नका, बुवा. अनुदान परत गेलं तर पुढच्या वर्षी तुमच्या नावावर काहीच पडणार नाही."

आता बुलबुलाने मागे सरायला हवे होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे कमान उभी राहिली होती आणि कमानीवर त्याचे स्वतःचे नाव. तो म्हणाला, "बुवा, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये. आधी भवन पदरात पाडून घेऊ, डबक्याचं मग बघू." बाकीच्या पाखरांनीही माना डोलावल्या. फुकट मिळते आहे म्हटल्यावर माना लवकर डोलतात.

मग कोल्हा म्हणाला, "महाराजांचे आभार मानायला नकोत का? पलीकडच्या टेकडीवर सभा घेऊ. बुवांचा सत्कारही उरकून टाकू. सगळ्या पाखरांनी यायचं हं, उंबरावर एकही मागे राहता कामा नये. कलावंतांची संख्या दिसली पाहिजे."

सभा सकाळची ठरली होती. सिंह आला दुपारी. तोवर पाखरे तहानलेली, रांगेत बसून. मग अस्वल बोलले, तरस बोलला, कोल्हा तर बोलतच राहिला. बुलबुलाने आभार मानताना सिंहाच्या आयाळीचे वर्णन केले ते संपता संपेना. बुवांच्या गळ्यात पळसाच्या फुलांचा हार घातला, तो एवढा जड की बुवा त्याखाली दिसेनासे झाले. त्यांच्यावर केळीच्या पानाची शाल घातली. बुलबुलालाही एक छोटा हार मिळाला. सगळ्यात शेवटी कोल्हा पिलांकडे वळून म्हणाला, "चला, आता तुमचं गाणं. पण लवकर आटपा, महाराजांची जेवायची वेळ झालीय." ज्यांच्या गाण्यासाठी हा सारा थाट, त्यांना गायला वेळ नव्हता. पिले दोन ओळी गायली. त्यांना तेवढ्याच येत होत्या.

संध्याकाळी पाखरे परतली आणि ओढ्याच्या वळणावर येऊन घिरट्या घालू लागली. बसायला उंबरच नव्हता. तो मुळासकट आडवा पडला होता. मुळांना अजून ओली माती लागलेली होती, आणि कच्ची उंबरे सगळीकडे विखुरली होती. शेजारी हत्ती सोंडेने अंगावरची धूळ झटकत उभा होता.

"हे काय केलंत, हत्तीदादा?" बुवांनी विचारले.

"मला सांगितलं ते केलं," हत्ती म्हणाला. "कलाभवनासाठी जागा मोकळी करायची होती. जंगलाच्या मधोमध, वाटेला लागून अशी हीच जागा होती म्हणे."

"किती वेळ लागला?"

हत्तीने जरा विचार केला. "एक दुपार."

बुलबुल गळ्यातला हार काढायलाही विसरला होता. तो कोल्ह्याकडे धावला. कोल्हा म्हणाला, "अरे, झाडं काय, पुन्हा येतात. भवन एकदाच येतं."

उंबर गेला तशी पाखरे पोटामागे पांगली. पोपट डोंगरापलीकडे गेले, दयाळांची पिले मिळेल त्या झुडपात शिरली. भवन मात्र झोकात उभे राहिले. दगडी भिंती, दगडी छप्पर, पुढे कमान. कमानीवर मोठ्या अक्षरांत नाव कोरले होते: 'उंबर कलाभवन'. राग आला ना वाचून? मलाही येतो. ज्याला पाडले त्याचेच नाव दारावर कोरायचे, याला काय म्हणावे?

उद्घाटनाच्या दिवशी सिंहाने वेलीची फीत दातांनी तोडली, आत जाऊन पाहिले आणि विचारले, "वा! पण गाणारे कुठे आहेत?"

कोल्ह्याने हरकाऱ्यांना पिटाळले. त्यांना नदीकाठच्या काटेरी झुडपात बुवा सापडले. ते आले, पण भवनात गेले नाहीत. बाहेर उंबराच्या खोडाचा एक तुकडा पडून होता, त्यावर बसले. सिंह स्वतः बाहेर आला. "बुवा, गा. सारं जंगल वाट बघतंय."

"मी गाईन, महाराज," बुवा म्हणाले, "पण ऐकून शिकायला समोर कोण आहे? तुम्हाला एक डबकं मागितलं होतं. तुम्ही आमचं घर पाडलंत, आमचं अन्न पाडलंत, शाळा पाडलीत आणि त्या जागी आमच्याच नावाने हे दगड रचलेत. त्या दिवशी मला शाल घातलीत. शाल पांघरून तहान भागत नाही, महाराज. मी मागितलं होतं ते कोणी नीट ऐकलंच नाही, तर माझं गाणं काय ऐकणार?"

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा पुढे होऊन म्हणाला, "महाराज, भवनात पाण्याची सोय तेवढी राहिली आहे. पुढच्या अनुदानात करून घेऊ."

"करा," सिंह म्हणाला आणि जेवायला गेला.

बुवा त्याच पावली नदीकडे निघाले. पावसाळा त्यांनी पाहिला नाही. त्यांच्याबरोबर उरलेले सारे गाणे गेले.

कोल्ह्याला शिक्षा झाली असेल असे तुम्हाला वाटते ना? झाली नाही. त्याला बढती मिळाली, आता त्याच्याकडे मासळीचे खातेही आहे. भवनाच्या छताला वटवाघळे लटकतात, त्यांची गणती तो कलावंत म्हणून करतो. मधूनमधून तिथे कोल्ह्यांची लग्ने लागतात. बुलबुल अजून अध्यक्ष आहे, फक्त मंडळात आता कोणी नाही.

त्या जंगलात आजही पहाटे दयाळ गातात. दोन ओळी गातात आणि थांबतात, मान वाकडी करून ऐकत राहतात. पुढची ओळ सांगणारे कोणी नाही. मग ऊन चढते आणि ते पाण्याच्या शोधात उडून जातात.

तात्पर्य : मागणाऱ्याचे न ऐकता दिलेली मदत ही मदत नसते, ती देणाऱ्याची मिरवणूक असते, आणि जो नको असलेली वस्तू फुकट मिळते म्हणून घेतो, तो त्या मिरवणुकीत स्वतःच्याच घरावरून चालत जातो.