शेळीचं वचन

एका गावात एक बाई होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या होत्या, एक बायबल आणि एक शेजारीण. बायबल तिने मखमलीत गुंडाळून ट्रंकेत जपून ठेवलं होतं आणि शेजारणीशी ती रोज भांडत होती. उघडायचं ते उघडत नव्हती आणि मिटवायचं ते मिटवत नव्हती. बाईचं नाव एस्तेरबाई, शेजारणीचं सगुणा.

बायबल अगदीच बिनकामाचं पडलं होतं असं मात्र नाही. बाळ दचकलं की ते उशाखाली जाई, शपथ घ्यायची झाली की हाताखाली येई, रविवारी चर्चला जाताना काखेत बसे. डोळ्यांखाली तेवढं कधी आलं नव्हतं. पानांच्या सोनेरी कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

वस्तीत घरोघरी हीच तऱ्हा. देवाने बोलायचं, पाळकसाहेबांनी वाचायचं आणि मंडळीने आमेन म्हणायचं, अशी कामाची सोयीस्कर वाटणी झालेली होती. पाळकसाहेब आता म्हातारे झाले होते, हंगामाच्या सणानंतर निवृत्त होणार होते. आपल्यामागे या लोकांना कोणीही येऊन काहीही वाचून दाखवील, या काळजीने त्यांना घास गोड लागेना.

अशात एक दिवस सगुणाची शेळी एस्तेरबाईच्या परसात शिरली आणि तिने मेथीचा अख्खा वाफा साफ केला. एस्तेरबाईने शेळी तिथेच बांधून घातली. रविवारी उपासना सुटल्यावर भांडण पाळकसाहेबांपुढे आलं.

“साहेब, वचन काय म्हणतं तेवढं सांगा,” एस्तेरबाई म्हणाली.

पाळकसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “लिहिलेलं आहे, ज्याच्या परसात शेळी चरली, शेळी त्याचीच झाली.”

“आमेन,” सगळी मंडळी म्हणाली.

कोणीतरी हसेल, निदान विचारील तरी, म्हणून पाळकसाहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळे माना डोलवत उभे. सगुणासुद्धा डोळ्याला पदर लावून म्हणाली, “नातवाचं दूध होतं हो ते. पण लिहिलेलंच आहे म्हटल्यावर काय बोलायचं.”

पाळकसाहेबांची मिशी उतरली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून सगुणाकडे रोज तांब्याभर दूध जाऊ लागलं. का, ते तिला काही कळेना.

इकडे एस्तेरबाई जिंकली खरी, पण मजा येईना. शेळीने उरलीसुरली कोथिंबीरही खाल्ली. आता शेळी आपली आणि कोथिंबीरही आपली, मग ओरडायचं कोणावर? शेवटी तिने ठरवलं, सगुणाच्या दारासमोर येणाऱ्या भिंतीवर ते वचन मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यायचं. उठता बसता वाचू दे.

पेंटर आला. मजकूर ऐकून त्याने ब्रश खाली ठेवला. “बाई, अध्याय कोणता, ओवी कोणती? ते खाली लिहावं लागतं. नाहीतर वचन वाटत नाही, जाहिरात वाटते.”

एस्तेरबाई तरातरा पाळकसाहेबांकडे गेली.

“चष्मा सापडत नाही बघा,” पाळकसाहेब म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. “तुमच्याकडे आहे ना बायबल? चांगलं मखमलीतलं? शोधा की.”

मग काय करते, ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास झटकला, एकेक पान नखाने सोडवलं आणि चौथी पास एस्तेरबाई शेळी शोधायला बसली.

शेळ्या सापडल्या की. एका मुलाने हाताला करडाचं कातडं बांधून आंधळ्या बापाला फसवलं होतं. पुढे भावांनी एका भावाला विकलं आणि बकरं मारून त्याच्या रक्तात झगा बुडवून बापाला दाखवला. तिथे तर एस्तेरबाईची भाकरी करपली आणि डोळे भरून आले. तिच्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. या ग्रंथात शेळी-बकरं आलं की सावध व्हावं, कोणीतरी कोणालातरी बनवतंय.

वाचता वाचता ती बायबलातल्या निर्गम नावाच्या पुस्तकात पोचली. ज्याचं जनावर दुसऱ्याच्या शेतात चरेल त्याने आपल्या शेतातल्या चांगल्या मालाने भरपाई करावी, असं तिथे होतं. एस्तेरबाईला बरं वाटलं. सगुणा मेथी देणं लागते, हे ठरलं. पण जनावर ठेवून घ्या असं कुठेच नव्हतं. आणि पान उलटलं तर पुढे काय? तुझ्या वैऱ्याचं जनावर चुकलेलं दिसलं, तर ते त्याच्या घरी नेऊन पोचव.

तिने बायबल फटकन मिटलं. पण मनातलं वचन काही मिटेना. परसात शेळी ओरडत होती. सगळी वस्ती आमेन म्हणाली आहे, पाळकसाहेबांचा निकाल आहे, आणि नाहीतरी हे पान दुसरं उघडतंय कोण? गप्प बसलं तर शेळी आपलीच होती. एस्तेरबाईने उठून शेळीपुढे पाला टाकला. मग स्वतःवरच चिडून म्हणाली, “मी उघडलंय ना.”

रविवारी ती चर्चला आली ती एका हातात दावं आणि दुसऱ्या हातात उघडं बायबल घेऊन. शेळी दाराच्या कडीला बांधली आणि पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहतात तोच ही उभी.

“साहेब, शेळीचं वचन कुठं लिहिलंय?”

“कुठंच नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

मंडळीत खळबळ उडाली. एक पंच म्हणाले, “म्हणजे साहेब, तुम्ही खोटं बोललात?”

“बोललो. गंमत करायला गेलो, आणि त्यात एका बाळाचं दूध तोडलं. सगुणाबाई, मला माफ करा.” मग त्यांनी पंचांकडे पाहिलं. “आणि दादा, सगळ्यांत मोठा आमेन तुमचाच होता.”

पंचांनी आपल्या बायबलावरची धूळ पुसली.

एस्तेरबाईने निर्गमातलं ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. दोन ठिकाणी अडखळली, पण थांबली नाही. पाळकसाहेब ऐकत होते. पोरगी मॅट्रिकला पहिली आल्यासारखी त्यांची मान ताठ झाली होती. “आता मी खुशाल जातो,” ते म्हणाले.

बाहेर एस्तेरबाईने दावं सगुणाच्या हातात दिलं. “घे तुझी. आणि मेथी तेवढी दे. लिहिलेलंच आहे.”

सगुणाने दावं धरलं आणि कमरेवर हात ठेवला. “कुठं लिहिलंय? दाखव आधी.”

एस्तेरबाईने बोट ठेवून दाखवलं. सगुणाने अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि संध्याकाळी कुंपणावरून मेथीच्या दोन जुड्या आल्या.

भिंतीवर वचन आलं, अध्याय आणि ओवीसकट. मजकूर वैऱ्याच्या जनावराचा आणि भिंतीची बाजू आतली, एस्तेरबाईच्या स्वतःच्या चुलीसमोरची.

तात्पर्य: देवाचं वचन ज्याचं त्याने वाचावं, आणि सापडलं की आधी स्वतःला लावावं. आमेन कोणीही म्हणतं. आता ही गोष्ट ऐकून ज्यांनी मान डोलवली, त्यांनी घरी जाऊन निर्गम उघडून बघावं, ते पान खरंच तिथं आहे का.