वीज गेल्यावरची जाहिरात

कासार गल्लीत घरोघरी सोलर बसलं आणि कंपनीचे मालक दामलेसाहेब स्वतःच्याच सत्काराला गल्लीत हजर झाले. विमलकाकूंच्या हाती माइक देत त्यांनी ऐटीत विचारलं, "सांगा काकू, टीव्हीवरची आमची कुठली जाहिरात पाहून सोलर घेतलंत?"

काकूंना दम्यानं कासावीस झालेला नवरा आठवला आणि शेजारच्या रुखसानाभाभींचं सताड उघडं दारही.

"साहेब, वीज गेली की टीव्ही बंद, तुमची जाहिरातही बंद. तेव्हा गल्लीत एकच घर उजळलेलं दिसायचं, भाभींचं. यांचं वाफेचं मशीन तिथंच चालायचं. अख्ख्या गल्लीनं सोलर पाहिलं ते तिथं!"

टाळ्या कडाडल्या. काकूंनी सत्काराची शाल उचलली. साहेबांनी मान पुढे केली. काकू मात्र त्यांना ओलांडून मागच्या रांगेत गेल्या आणि शाल भाभींच्या खांद्यावर घातली.