मिठाच्या घाटाची राखण

मंडळी, पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट. एका घाटाच्या दोन अंगांना दोन गड होते आणि त्यांच्या गडकऱ्यांचं हाडवैर होतं. मधल्या वाटेनं मिठाचा तांडा जाई.

घाटमाथ्यावर हद्दीचा दगड होता. पश्चिमेचे शिपाई तांडा तिथवर पोचवत, पूर्वेचे मोठ्यानं बैल मोजून ताब्यात घेत. एक जरी कमी भरला, तरी "झोपला होतात काय रे?" अशी खिल्ली उडे. त्या खिल्लीच्या धाकानं बैलाच्या शेपटीलाही कोणी हात लावत नसे.

एके वर्षी पूर्वेचा गडकरी निपुत्रिक वारला, शिपाई पांगले. पश्चिमेच्या गडावर नगारे वाजले. तांड्याच्या नाईकानं गूळ वाटला. मीही वाटला असता!

पुढच्या खेपेला दगडापाशी समोर कोणीच नव्हतं. "मोजायला आहे कोण? जा आता," म्हणत शिपाई परतले. उतारावर सात बैल लुटले गेले. लुटणारे कोण? पूर्वेचेच बेकार शिपाई.

नाईक गडावर गेला. गडकरी हसला, "शत्रूच उरला नाही, आता भय कुणाचं?"

"भय आहे तिथंच आहे, सरकार. राखणदार तेवढे गेले."

गडकऱ्यानं विड्याचं तबक पुढं केलं. बोलणं संपलं.

नाईकानं घाट सोडायचं ठरवलं. तेव्हा पूर्वेकडच्या गावची म्हातारी पाटलीण धावत आली. "नाईक, मीठ आलं नाही तर आमची गुरं मरतील. त्या लुटारूंनाच राखणीला घ्या! वळणन् वळण ठाऊक आहे त्यांना. भाकरी आमची गावं घालतील."

"चोरांना?"

"परवापर्यंत शिपाईच होते ना? भुकेनं बिघडले."

नाईकानं मानलं आणि ते लुटारू राखणीला आले. पण घाटात पुन्हा भाले दिसताच गडकरी दचकला. निरोप आला, "फौज कोणावर जमवता?"

पाटलीण स्वतः गड चढली. "संशय असेल तर तुमचीही माणसं द्या. बरोबर चालतील, डोळ्यांनी बघतील."

गडकऱ्यानं माणसं दिली. भरवशानं नव्हे, संशयानंच. जुने वैरी तिरके बघत शेजारी शेजारी चालले. कोण आधी भाला उचलतो, या धास्तीनं नाईक दोघांच्या मधून चालत राहिला. पण कोणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तांडा गावात उतरला आणि गुरं मिठावर तुटून पडली.

तात्पर्य: वैर संपलं म्हणून राखण संपत नाही, ती नव्यानं वाटून घ्यावी लागते.