उकिरड्यावरची पिसं

एकदा एक म्हातारा डोंगरातल्या नदीकाठी राहत होता. गळाला बांधायच्या खोट्या माशा करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कोंबड्याची पिसं घरीच रंगवायची, गळाभोवती बारीक दोऱ्यानं गुंडाळायची. पाण्याखाली सोडलं की मासा किडा समजून तोंड घालतो.

त्याच्याकडे हौसा नावाची बाई ही विद्या शिकत होती. नवऱ्यानं टाकलेली. भावानं बजावलं होतं, "गळ विकणाऱ्या व्यापाऱ्याला तुझी पिसं पसंत पडली तर राहा तिथं. नाही पडली तर गाठोडं बांध आणि माझ्याकडं भाकऱ्या थापायला ये." बहीण म्हणजे फुकटची मोलकरीण, असं मानणारे भाऊ पुष्कळ असतात. हा त्यातलाच.

व्यापाऱ्यानं नदीतल्या किड्याचा रंग मागितला होता. मधासारखा. ठरल्या दिवशी दुपारी तो माल बघायला यायचा होता.

हौसानं कष्टात कसूर केली नव्हती. रिठ्याच्या पाण्यात पिसं धुऊन त्यांचा तेलकटपणा काढला, तुरटी घातली, कांद्याच्या सालींच्या कोमट रंगात बुडवली. पहिला घाणा वाळला तो फिकट. तिनं तो रागानं उकिरड्यावर टाकला. दुसरा चांगला मुरू दिला. वाळल्यावर नदीतून किडा आणून शेजारी ठेवला, तर रंग हुबेहूब. त्या दिवशी सकाळी ती पिसं घेऊन ती म्हाताऱ्यासमोर बसली.

म्हाताऱ्यानं ती पाहिली, बाजूला सारली आणि उठून उकिरड्याकडे गेला. खाली बसून राखेतून एकेक फिकट पीस वेचू लागला.

"आबा, डोकं फिरलं का तुमचं? टाकलेली आहेत ती."

"कुणी टाकली?"

"मीच. भांड्यात चांगली दिसत होती, वाळली आणि विटली."

"मग भांड्यात बघितलंस तेच खरं होतं की."

त्यानं पिसं धुतली. दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत नवं पीस बुडवलं, ते जळक्या गुळासारखं काळं पडलं. दुसरीत उकिरड्यावरचं बुडवलं. मध! किडा पाण्यात सोडला, तर कोणता किडा आणि कोणतं पीस, कळेना.



म्हातारा म्हणाला, "पोरी, तुझ्या हाताला दोष नाही. तू रंग पारखलास अंगणात, कोरडा. मासा काय तुझ्या अंगणात येऊन बसणार आहे? वस्तू ज्या जागी कामाला येते, तिथंच तिची परीक्षा घ्यावी. भलत्या जागी पारखलंस, तर चांगलं टाकशील आणि वाईट जपशील. तू दोन्ही केलंस. पण उकिरडा जवळ होता, हे नशीब."

दुपारी व्यापारी आला. पिसं चिमटीत धरून त्यानं तोंड वाकडं केलं. "ही काय बाई, धुऊन रंग उडालेल्या लुगड्यासारखी! याच्यासाठी मी घाट चढलो?"

हौसानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो मुद्दाम दोरा गुंडाळत बसला होता, वर बघेना. मग तिनंच पाण्याची वाटी पुढे सरकवली.

"शेठ, तुम्ही मासा नाही. वाटीत बुडवून बघा, मग बोला."

त्यानं बुडवलं. पीस काढून पुन्हा एकदा बुडवलं. मग चढ्या आवाजात बोलणारा तो माणूस हळूच म्हणाला, "अशी अजून किती करशील?"

"पावसाळा सोडून म्हणाल तेवढी," हौसा म्हणाली आणि उरलेली पिसं वेचायला उकिरड्याकडे गेली. भावाला तिनं निरोप धाडला, भाकऱ्यांची सोय दुसरीकडे बघ.

घरात फिकी म्हणून कोपऱ्यात लोटलेली एखादी बाई तुमच्याकडे असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी विचारा, हिला कधी तिच्या पाण्यात उतरू दिलंय का आपण?