ओसरीवरची गाठ

अहो ताई, त्या फळीवर पाय नका देऊ! खाली कमरेएवढा खड्डा आहे. पडलात तर बोल मला लागायचा.

उंबरपेठेच्या या कोष्टी गल्लीत पाहुणा आला की पहिल्यांदा हेच विचारतो, की घरोघरी ओसरीवर हा खड्डा कशाला? ते समोरचं गुलाबी घर मागच्या वर्षी बांधलंय. चकचकीत फरशी, वर पाण्याची टाकी, पण खड्डा आहेच. गल्लीतला शेवटचा हातमाग बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी खड्डा हवाच. आणि फळीच्या कडीला ही सुताची गाठ दिसते ना, तिला हात लावू नका. बसा, सांगतो. तुम्ही पुण्यात भाड्यानं राहता म्हणालात, अकरा महिन्यांच्या करारावर. मग तुम्हाला जरा जास्तच कळेल.

फार पूर्वी, असं सांगतात, नदीकाठचं एक गाव पुरात वाहून गेलं आणि तिथले कोष्टी इकडे वर आले. घरं मोजकी, माणसं भरमसाट. देवळाच्या ओवरीतसुद्धा चुली मांडलेल्या. त्यात चंदाक्का नावाची एक विधवा होती, पदरात दोन पोरी. कोष्ट्याला नुसतं छप्पर पुरत नाही हो. माग बसवायला जमिनीत खड्डा खणावा लागतो, पाय खाली सोडून विणायचं असतं. आपली जमीन दुसऱ्याला खणू देणार कोण? खणू दिली ती बसाप्पा दिवट्यानं. घराची पुढची मोठी खोली त्यानं तिला भाड्यानं दिली, आणि आमच्या चौंडेश्वरी देवीपुढे भंडारा उचलून शब्द दिला, "मागावर ताणा आहे तोवर तुला इथनं कोणी उठवणार नाही."

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. एक ताणा विणून संपायला दोन-तीन महिने लागतात, आणि बसाप्पाच्या मनात तेवढंच होतं. पण स्वतः कोष्टी असून गडी विसरला, की ताणा संपत आला तरी हुशार विणकर तो काढत नाही. जुन्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून सांधतो. चंदाक्का सांधत गेली. लुगडी उतरत गेली, भाडं वेळेवर पोचत गेलं, पण माग काही रिकामा झाला नाही. बारा वर्षं!

एव्हाना बसाप्पाच्या दोन्ही पोरांची लग्नं झाली होती. मागच्या दोन खोल्यांत नऊ माणसं, त्यात धाकट्या सुनेला दिवस गेलेले. बसाप्पा म्हणाला, "अक्का, आता माझ्याच माणसांना पाय पसरायला जागा नाही. खोली सोड." तिनं मागाकडे बोट केलं. ती तरी काय करणार? पोरींना घेऊन जायचं कुठं?

मग बसाप्पाचं डोकं फिरलं. शपथ तर मोडायची नव्हती, म्हणून तिनं आपणहून निघावं असं बघत त्यानं मागाच्या डोक्यावरची कौलं काढली. हे फार वाईट केलं त्यानं. गल्ली दुभंगली. निम्मे म्हणायचे, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी." निम्मे म्हणायचे, शब्द म्हणजे शब्द. पंच बसले, पंच उठले, निकाल काही लागला नाही. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं, म्हणून तर ते भांडण मिटेना.

श्रावणात मागची भिंत खचली आणि बसाप्पाचं सगळं घर ओसरीवर आलं. तिथंच एका दुपारी सून बाळंत झाली. झडीचा पाऊस आत येत होता. आत चंदाक्का मागावर घोंगडं ताणून विणत होती. बाळाचं रडणं बारीक बारीक होत गेलेलं तिनं ऐकलं, आणि कात्री उचलली. अर्धवट ताणा कापणं म्हणजे आमच्यात भरल्या ताटाला लाथ मारणं. तिनं तो कापला. विणलेलं मऊ कापड बाळाभोवती गुंडाळलं आणि बाळंतिणीला आत कोरड्या कोपऱ्यात चुलीपाशी निजवलं. बाहेर येऊन म्हणाली, "बसाप्पा, ताणा संपला." आणि पोरींना घेऊन देवळात गेली.

तिसऱ्या दिवशी ती सामान न्यायला परत आली. तर म्हणे ओसरीला कुडाची भिंत घातलेली, आत नवा खड्डा, खड्ड्यावर तिचाच माग, आणि कापलेला धागा न् धागा सांधलेला. बाराशे धागे! देवीनं सांधले, असं सांगतात. असेल बाबा. पण आमचे आजोबा हळूच सांगायचे, की गाठी वेड्यावाकड्या होत्या आणि बसाप्पाच्या बोटांना सुताला लावायची खळ लागलेली होती.

तेव्हापासून घरोघरी ओसरीवर तसा खड्डा ठेवतात, आणि आजही उंबरपेठेत भाडेकरू आला की मालक कडीला सुताची गाठ मारतो. पुढं मालकाला घर लागलं तर त्यानं तसं सांगावं, घर त्याचं आहे. भाडेकरू अडून बसत नाही. पण ही गाठ कापायची भाडेकरूनंच, आणि तीसुद्धा त्याच्या नव्या घरी या मालकानं जाऊन दुसरी गाठ मारल्यावर. तोवर कात्रीला कोणी हात लावायचा नाही.

ही गाठ आमच्या भाडेकरू शेवंताबाईंची. अंगणवाडीत शिकवतात. माझा मुलगा बायकापोरं घेऊन परत आलाय, माळ्यावर झोपतो. बाईंना सांगून सात महिने झाले. त्या लगेच हो म्हणाल्या, पण डोळे भरून आले त्यांचे. तेव्हापासून रोज सकाळी चपला घालून मी त्यांच्यासाठी खोली शोधत हिंडतोय. परवा त्या म्हणाल्या, "काका, राहू द्या आता, मी कापते." मी म्हणालो, "खबरदार!"

तुमच्या बघण्यात आहे का हो इथं जवळपास एखादी खोली? सूत मी खिशातच ठेवलंय.